फाटक नसलेलं अभयारण्य

मालवणच्या जेटीवर तिकीट काढून सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीत बसणाऱ्या पर्यटकाला आपण एका अभयारण्यात शिरतो आहोत, याची कल्पना बहुधा नसते. ताडोबाला किंवा नागझिऱ्याला गेलेला माणूस फाटकाशी थांबतो, परवाना दाखवतो, सूचना ऐकून घेतो. इथे होडी सुटते, खडपांमधल्या वाटेने वळणं घेत निघते आणि काही मिनिटांत किल्ल्याच्या महादरवाज्याजवळ लागते. तेवढ्या वेळात तिने मालवण सागरी अभयारण्याची हद्द ओलांडलेली असते आणि ती थेट त्याच्या गाभ्यात पोचलेली असते.

वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली 13 एप्रिल 1987 रोजी महाराष्ट्र शासनाने हे अभयारण्य जाहीर केलं. एकूण क्षेत्र 29.12 चौरस किलोमीटर. त्यातलं 3.18 चौरस किलोमीटर गाभा क्षेत्र. सिंधुदुर्ग किल्ला ज्या कुरटे बेटावर उभा आहे ते बेट, शेजारचा पद्मगड आणि आसपासचे पाण्याखालचे खडक हे सगळं या गाभ्यात येतं. उरलेलं भोवतालचं पाणी म्हणजे राखीव पट्टा. हद्द बंदरापासून जेमतेम 50 मीटरवर सुरू होते आणि शहरासमोरच्या अर्धगोल पुळणीला समांतर, अर्धा किलोमीटर अंतर राखून पुढे जाते. रेडे-रानगवे असलेली अभयारण्यं माणसाच्या वस्तीपासून दूर आखता आली. हे अभयारण्य आखलं गेलं ते पिढ्यान् पिढ्या मासेमारीवर जगणाऱ्या गावांच्या अगदी दारात. त्याच्या पुढच्या इतिहासातली बरीचशी गुंतागुंत इथूनच निघते.

या पाण्यात पहिला मोठा हस्तक्षेप माणसाने केला तो साडेतीनशे वर्षांपूर्वी. 25 नोव्हेंबर 1664 रोजी किनाऱ्यावर मोरयाच्या धोंड्याशी पूजा करून शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाच्या बांधकामाचा आरंभ केला, आणि तीन वर्षांत सुमारे 48 एकरांच्या या खडकाळ बेटाला तट चढला. जागा निवडताना महाराजांच्या माणसांनी जे पाहिलं तेच आज जीवशास्त्रज्ञ पाहतात. बेटाभोवती उघडेबुडके खडक इतके दाट आहेत की वाट माहीत नसलेलं जहाज त्यांत शिरलं की फुटलंच. शत्रूच्या गलबतांना अडवणारी हीच खडपं लाटांचा जोर मोडतात, माशांच्या पिलांना आडोसा देतात आणि प्रवाळांना पाय रोवायला जागा देतात. किल्ल्यात दूध बाव, दही बाव आणि साखर बाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत आणि पर्यटक त्या आवर्जून बघतात. तटाबाहेरचं खारं पाणीही तेवढंच बघण्यासारखं आहे.

प्रवाळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे लक्षद्वीप येतं. निळंशार पाणी, फांद्याफांद्यांची रंगीत रानं. मालवणला ते शोधायला जाणारा माणूस नाराज होऊन परततो, आणि ते चुकीच्या अपेक्षेमुळे. इथलं पाणी वेगळं आहे. सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस चार महिने कर्ली, गड आणि इतर लहानमोठ्या नद्या-खाड्यांतून समुद्रात येतो. गाळ येतो, पाण्याचा खारटपणा उतरतो, उजेड खालपर्यंत पोचत नाही. अशा ठिकाणी नाजूक फांद्यांची प्रवाळं तगत नाहीत. तगतात ती गोलसर, दगडासारखी बसकी पोरायटिस, पानाच्या वाटीसारखी टर्बिनारिया आणि त्यांच्यासारख्या आणखी काही चिवट जाती. यांतली काही तर इतक्या उथळ पाण्यात आहेत की मोठ्या ओहोटीला उघडी पडतात. मला स्वतःला ही प्रवाळं लक्षद्वीपच्या प्रवाळांपेक्षा जास्त मोलाची वाटतात. गढूळ, गोडसर, दरवर्षी ढवळून निघणाऱ्या पाण्यात ती जगली आहेत. समुद्र तापत असताना कोणती प्रवाळं टिकतील, याचं उत्तर अशाच जागी शोधावं लागणार आहे.

प्रवाळ हा दगड दिसला तरी प्राणी आहे, किंबहुना हजारो बारीक प्राण्यांची वसाहत. प्रत्येक प्राणी आपल्याभोवती चुन्याची वाटी बांधतो आणि पेशींमध्ये एक सूक्ष्म शैवाल सांभाळतो. शैवाल उन्हावर अन्न तयार करून त्यातला मोठा वाटा यजमानाला देतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जरी अधिक तापलं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, तर हा संसार मोडतो. शैवाल बाहेर फेकलं जातं आणि प्रवाळ पांढरंफटक पडतं. याला विरंजन म्हणतात. पाणी लवकर निवलं तर प्रवाळ सावरतं, नाही तर उपाशी मरतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी मालवणच्या प्रवाळांवर असं विरंजन नोंदवलं आहे. पोरायटिससारखं बसकं प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटर वाढतं. होडीचा नांगर ज्या ढेकळाला एका हिसक्यात फोडतो, ते घडायला दोन-तीन पिढ्या गेलेल्या असतात. 2001 पासून खडक बांधणाऱ्या सगळ्या प्रवाळांना कायद्याने वाघाच्या रांगेत, पहिल्या अनुसूचीत बसवलेलं आहे. किनाऱ्यावर कोणी प्रवाळाचा तुकडा विकायला आणला तर तो घेणं हा गुन्हा आहे, हे लक्षात असू द्यावं.

प्रवाळाइतकंच, किंबहुना थोडं अधिकच, मालवणचं वैभव म्हणजे समुद्री शैवालांची रानं. पावसाळा सरला, पाणी निवळलं की सारगॅसम नावाचं तपकिरी शैवाल खडकांवर वाढू लागतं. त्याला हवेने भरलेले मण्यांएवढे फुगे असतात. त्यांच्या आधाराने ते पाण्यात सरळ उभं राहतं आणि हिवाळ्यात काही जागी माणसाहून उंच होतं. त्यातून पोहताना सूर्यप्रकाश सोनेरी होऊन खाली उतरतो. पिलं, झिंगे, खेकडे, समुद्री गोगलगाई सगळ्यांचं लहानपण याच झाडीत जातं. उन्हाळा लागला की शैवाल तुटतं आणि पुळणीवर ढिगांनी येऊन पडतं. पर्यटकांना तो कचरा वाटतो, आणि हॉटेलवाले कधी कधी तो साफ करून घेतात. पण तो समुद्राचा पालापाचोळा आहे. त्यावर किडे, किड्यांवर किनाऱ्याचे पक्षी, अशी साखळी तिथे चालू असते.

आता माणसांकडे येऊ. 1987 ची अधिसूचना निघाली आणि मालवणचे मच्छीमार विरोधात उभे राहिले. त्यांचा प्रश्न साधा होता: आमच्या दारातली खडपं अभयारण्यात गेली, तर आम्ही पाग आणि गळ टाकायचा कुठे? लहान होडीचा माणूस खोल समुद्रात जाऊ शकत नाही. त्याचं पोट याच जवळच्या पाण्यावर आहे. अधिसूचना काढताना त्याला कोणी नीट विचारलं नव्हतं. पुढे 1991 साली कायद्यातच दुरुस्ती झाली. किनारी समुद्राचा भाग अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं रक्षण करण्याची पुरेशी तजवीज आधी झाली पाहिजे, असं त्यात म्हटलं आहे. मालवणची रेषा मात्र त्याआधी चार वर्षं आखली गेली होती. कागदावरची हद्द आणि पाण्यावरचा व्यवहार यांची गाठ अजूनही पक्की बसलेली नाही, याचं मूळ तिथे आहे.

या विरोधामुळे मालवणचा मच्छीमार संरक्षणाच्या विरुद्ध आहे असा समज करून घेणं हा त्याच्यावर मोठा अन्याय आहे. समुद्र राखा, अशी मागणी या किनाऱ्यावर सर्वांत जोरात त्यानेच केली. त्यासाठी रापण समजून घ्यायला हवी. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबच लांब जाळं. होडी अर्धवर्तुळ काढत ते पाण्यात सोडते, मग गावातली माणसं दोन्ही टोकांना धरून ते हळूहळू पुळणीवर खेचतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे होतात. जाळं संघाचं आणि कष्ट सगळ्यांचे, म्हणून वाटाही सगळ्यांना मिळतो. ही मासेमारी मुळातच मर्यादित आहे, कारण जाळं किनाऱ्यापर्यंत आलेल्या मासळीलाच गाठतं. उलट यांत्रिक पर्ससीन नौका बांगड्याचा किंवा तारलीचा अख्खा थवा समुद्रातच वेढून उचलते. थवा किनाऱ्याला लागण्याआधीच संपला तर रापणीत येणार काय? त्यात परराज्यांतल्या वेगवान ट्रॉलरची घुसखोरी आणि रात्री एलईडी दिव्यांच्या झोतात मासळी गोळा करण्याचा प्रकार यांची भर पडली. पारंपरिक मच्छीमारांनी मोर्चे काढले, समुद्रात नौका अडवल्या, प्रकरणं हातघाईवर आली. या प्रश्नाचा अभ्यास करणाऱ्या डॉ. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर 5 फेब्रुवारी 2016 रोजी राज्य शासनाने पर्ससीन मासेमारीवर बंधनं आणली. नोव्हेंबर 2017 मध्ये केंद्राने दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. नियम झाले, अंमलबजावणी अपुरी आहे. गस्तीनौका मोजक्या आणि किनारा लांब. तरीही हे नियम जनतेच्या दबावातून आले आहेत, आणि माझ्या मते अभयारण्याच्या अधिसूचनेपेक्षा या लढ्याने मालवणच्या समुद्राचं जास्त भलं केलं.

सरकारलाही पुढे हे काही प्रमाणात उमगलं. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर जैवविविधतेचा एक मोठा प्रकल्प राबवला गेला. त्यात मच्छीमारांना सोबत घेण्यावर भर होता. चौकोनी आसाचं जाळं हे त्यातलं एक काम. नेहमीच्या ट्रॉलच्या जाळ्याचे आस, म्हणजे भोकं, शंकरपाळ्यासारखे असतात. जाळं ओढलं की ते ताणून मिटतात आणि बोटभर पिलंही आत अडकतात. चौकोनी आस ओढतानाही उघडा राहतो आणि पिलं निसटून जातात. तेच मासे वर्षभराने मोठे होऊन मिळतात, हे मच्छीमाराला पटवायला फार बोलावं लागत नाही. डिसेंबर 2018 पासून राज्याच्या कांदळवन कक्षाने आणि मत्स्यव्यवसाय विभागाने आणखी एक चांगली योजना आणली. जाळ्यात कासव, बहिरी म्हणजे व्हेल शार्क किंवा डॉल्फिनसारखा संरक्षित जीव अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. पुराव्यासाठी फोटो किंवा चित्रफीत द्यायची. धाकाने जे झालं नसतं ते या योजनेने घडवलं. कोकणातल्या होड्यांवरून सोडलेल्या कासवांच्या चित्रफिती आज मोबाइलवर फिरतात आणि ती सोडणाऱ्याला त्याचा अभिमान असतो.

पर्यटनाने या चित्रात नवा रंग भरला. 1997 साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढच्या दोन दशकांत तारकर्ली, देवबाग, चिवला किनारा, दांडी इथल्या घरांमध्ये निवास-न्याहरी सुरू झाली. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबा प्रशिक्षणाची संस्था उभारली. जो तरुण कालपर्यंत वडिलांबरोबर जाळं ओढत होता, तो आज पर्यटकाच्या पाठीला हवेचं नळकांडं बांधून त्याला खडकांपाशी नेतो. त्याला पाण्याखालची प्रत्येक फट ठाऊक आहे. प्रवाळ जिवंत राहण्यात आता त्याचाही पैशाचा हितसंबंध आहे, आणि ही गोष्ट मला या साऱ्या कहाणीतली सर्वांत आशादायक वाटते.

पण धोकेही याच वाटेने आले. किल्ल्यामागच्या थोड्याशा खडकांवर हंगामात एकाच वेळी कितीतरी होड्या जमतात. पायाला माशाच्या शेपटीसारखे पंखे बांधलेला नवखा पर्यटक घाबरून पाय झाडतो आणि प्रवाळावर उभा राहतो. गाळ उडतो, तो प्रवाळांवर बसतो. फोटोत मासे भरपूर दिसावेत म्हणून पाव-बिस्किटं टाकली जातात. मग तिथे पाव खाणाऱ्या धीट जातींचीच गर्दी होते आणि शैवाल खरवडून प्रवाळ स्वच्छ ठेवणाऱ्या माशांचं काम मागे पडतं. यापेक्षा गंभीर गोष्ट म्हणजे सुरक्षितता. मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कूबा करून परतणारी बोट किनाऱ्याजवळ उलटली आणि पर्यटकांचे जीव गेले. जास्त माणसं भरणं आणि जीवरक्षक जाकीट न घालणं हे दोन्ही आपण, प्रवास करणाऱ्यांनीच, नाकारलं पाहिजे.

अंदमानला जाणाऱ्या मराठी माणसाने वंडूरचं महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान पाहिलं असेल. 1983 साली स्थापन झालेल्या त्या उद्यानात जॉली बॉय आणि रेड स्किन ही दोन बेटं आलटून पालटून उघडी ठेवतात. एक पर्यटकांसाठी खुलं असताना दुसऱ्याला विसावा. प्लास्टिकची बाटली नेण्याआधी अनामत भरावी लागते. कच्छच्या आखातातलं 1982 चं आणि मन्नारच्या आखातातलं 1986 चं उद्यान यांचेही नियम कडक आहेत. मालवणला ते सगळे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, कारण राष्ट्रीय उद्यानात स्थानिकांचे हक्क राहत नाहीत आणि इथे ते राहिलेच पाहिजेत. पण खडकांना पाळीपाळीने विसावा देणं आणि नांगर टाकावा लागू नये म्हणून होड्या बांधायला कायमचे तरंगते गोळे बसवणं यात कोणाचाही रोजगार बुडत नाही. कोणत्या खडकाला कधी सुट्टी द्यायची, हे होडीवाल्यांनीच बसून ठरवावं. त्यांच्याइतकं ते कोणाला कळणार?

मालवणला आलेल्याने किल्ला आणि स्कूबा एवढ्यावर थांबू नये. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथे देवबागच्या टोकाशी वाळूचे पट्टे दरवर्षी जागा बदलतात. त्यांतल्याच एकाला लोक सुनामी बेट म्हणतात. आत खाडीत कांदळवन आहे. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना तिवर, कांदळ आणि चिपी यांतला फरक दाखवतात. यंत्राचा आवाज नसल्याने खंड्या आणि बगळे जागचे हलत नाहीत. मला विचाराल तर पाण्यावरच्या वेगवान खेळांपेक्षा ही फेरी कितीतरी समृद्ध आहे. तांबळडेग, वायंगणी अशा पुळणींवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. गावकरी घरटी राखतात आणि साधारण पन्नास दिवसांनी पिलं बाहेर येतात. ती पाहायला जाताना टॉर्च आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवायचा, कारण पिलं उजेडाच्या दिशेने चालतात.

निवतीसमोर समुद्रात वेंगुर्ला रॉक्स नावाचे खडकाळ बेटांचे पुंजके आहेत. त्यांच्या गुहांत पाकोळ्यांच्या जातीचे पक्षी लाळेने घरटी चिकटवतात. ही घरटी परदेशात सूपासाठी विकली जातात म्हणून चोरली जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ती चोरी उजेडात आणली आणि पक्ष्यांना संरक्षण मिळवून दिलं. त्याच परिसरात नौदलातून 2024 मध्ये निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही युद्धनौका बुडवून तिथे पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभित्ती करण्याचा बेत आहे. उघड्या लोखंडावर प्रवाळ आणि मासे वस्ती करतात, हा जगभरचा अनुभव आहे. त्याने किल्ल्यामागच्या खडकांवरचा भार हलका झाला तर उत्तमच. मात्र भार हलका होण्याऐवजी नुसता वाढू नये, यासाठी दोन्ही ठिकाणच्या होड्यांचा एकत्र विचार व्हायला हवा.

आणि या साऱ्याच्या पलीकडे, किनाऱ्यापासून शंभराहून अधिक किलोमीटरवर, आंग्रिया बँक आहे. कान्होजी आंग्रे यांचं नाव धारण करणारं हे समुद्रात बुडालेलं पठार. त्याचा माथा पृष्ठभागाखाली साधारण वीस मीटरवर येतो. किनाऱ्याचा गाळ तिथे पोचत नाही, त्यामुळे पाणी स्वच्छ आणि प्रवाळ निरोगी. 2019 च्या अखेरीस शास्त्रज्ञांच्या मोहिमेने तिथल्या जिवांची पाहणी केली. हे पठार 12 सागरी मैलांच्या किनारी समुद्राबाहेर असल्याने मालवणसारखं अभयारण्य तिथे जाहीर करता येत नाही. त्यासाठी 1976 च्या सागरी क्षेत्र कायद्याचा आधार घेण्याचा प्रस्ताव पुढे आला. ही जागा पर्यटकांसाठी उघडण्याची घाई कोणी करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मालवणला 1987 मध्ये आधी रेषा आखली आणि माणसांना नंतर विचारलं. आंग्रियावर मासेमारीला जाणाऱ्यांना या वेळी तरी आधी विचारलं जावं.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडा. पाणी निवळलेलं असतं आणि सारगॅसम उभं असतं. पावसाळ्यात समुद्र बंद असतो आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारीही बंद असते, तेव्हा ताज्या मासळीचा हट्ट धरू नका. होडी मालवणच्याच माणसाची घ्या. निघण्याआधी होडीवाल्या दादांना दोन गोष्टी सांगा: नांगर वाळूत टाका आणि माशांना पाव टाकू नका. ते ऐकतात, कारण गिऱ्हाईकाने सांगितलेलं त्यांना शासनाने सांगितलेल्यापेक्षा लवकर पटतं.